रोज एक मिलिग्रॅम

वजनमापे खात्यात एकवीस वर्षं निरीक्षक असलेल्या माणसाला लोक काटेसाहेब म्हणत, यात नवल काही नाही. त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. काट्याच्या तागडीखाली चिकटवलेलं चुंबक ते दुकानाच्या पायरीवरून ओळखायचे, आणि दुकानदारानं कितीही गयावया केली तरी पंचनाम्यातला एक शब्द इकडचा तिकडे करायचे नाहीत. अशा माणसाबद्दल लोकांना आदर असतो, पण त्याला कुणी जेवायला बोलावत नाही. काटेसाहेबांना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांना एकच अभिमान होता. दर तीन-चार महिन्यांनी ते रक्तपेढीत जाऊन रक्त देत, आणि असं त्यांनी एकोणपन्नास वेळा केलं होतं.

पण ही गोष्ट रक्ताची नाही, केसांची आहे. निदान सुरुवात तरी केसांपासून झाली.

एका किराणा दुकानात ते काटा तपासत होते. पितळी वजनांची पेटी उघडी, मान खाली, नजर आकड्यावर. गल्ल्याशेजारच्या छोट्या पडद्यावर दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्र दिसत होतं. त्यात एक गृहस्थ पाठमोरे उभे होते आणि त्यांच्या टाळूवर वाटीएवढा चकचकीत गोल होता. काटेसाहेब दुकानदाराला म्हणाले, "माझं सावकाश चालेल. ते वयस्कर गृहस्थ मघापासून उभे आहेत, त्यांचं आधी बघा."

दुकानदार पडद्याकडे बघून घुटमळला. "साहेब," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "ते आपणच आहात."

काटेसाहेबांनी खातरजमा म्हणून उजवा हात वर केला. पडद्यावरच्या गृहस्थांनीही केला.

घरी येऊन त्यांनी बायकोसमोर डोकं पुढे केलं. बायको घरी शिवणकाम करायची. मोजपट्टी कायम तिच्या गळ्यात असे. तिनं एकही प्रश्न न विचारता मोजलं आणि सांगितलं, "उभं सात सेंटिमीटर, आडवं सहा."

"कधीपासून आहे हे?"

"झाली तीन वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून ते बुजणार होतं का? आणि मला काही त्याचा त्रास नव्हता. मी तुम्हाला समोरून बघते."

या उत्तरानं दुसरा एखादा नवरा सुखावला असता. काटेसाहेबांनी दुसऱ्या दिवसापासून उशीवरचे आणि कंगव्यातले केस एका पाकिटात जमवायला घेतले आणि आठवड्यानं कार्यालयातल्या सूक्ष्म काट्यावर तोलले. दोनशे वीस मिलिग्रॅम भरले. पुढच्या आठवड्यात दोनशे एकतीस. आता विषय भावनेचा राहिला नाही. मालात घट येत होती आणि ती सिद्ध झाली होती.

सल्ला देणाऱ्यांची वानवा कधीच नसते. खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या डोक्यावर पांढरं का होईना, पण रान माजलेलं होतं, आणि ते आपण अभ्यास करून मिळवलंय अशी त्यांची समजूत होती. काटेसाहेबांनी विषय काढला नव्हता, पण हेडमास्तर जिना चढताना मागून डोकं बघायचे आणि न विचारता बोलायचे. "रोज दहा मिनिटं डोकं खाली, पाय वर. रक्त मुळांपर्यंत पोचलं पाहिजे." काटेसाहेबांनी तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी पाय कपाटावर आपटला, कपाटावरची बॅग डोक्यावर आली आणि टाळूवरचा उरलासुरला माल बॅगेच्या चेनमध्ये अडकला. मेहुण्यानं फोनवर कांद्याचा रस सुचवला. तो लावून काटेसाहेब तपासणीला गेले, तेव्हा दुकानदार लांबूनच कागदपत्रं दाखवायला लागले. आठवडाभरात काम एरवीच्या दुप्पट उरकलं, पण केसांत फरक नव्हता.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, दात दुखला तर दातांच्या डॉक्टरकडे जाता. मग याला हेडमास्तर कशाला?"

त्वचेच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि कामात मोठ्या निघाल्या. त्यांनी डोकं भिंगातून पाहिलं. वडिलांचं डोकं कसं होतं, मामांचं कसं होतं, ते विचारलं. म्हणाल्या, "हे घराण्यातून आलेलं टक्कल आहे. रोज एक गोळी घ्यायची. गळती बहुतेकांची थांबते, काहींचे परत येतात. सहा महिने तरी धीर धरावा लागेल. आणि गोळी थांबली की वर्षभरात सगळं पूर्वपदावर." मग त्यांनी मदतनीस बाईला टाळूचे फोटो काढायला सांगितलं. चार कोनांतून फोटो. तेवढ्यात दार उघडं राहिलं आणि बाहेरच्या बाकावरचे सात-आठ पेशंट आत डोकावू लागले. त्या वेळी डॉक्टरीणबाई आणखी बरंच काही सांगत होत्या: काही त्रास वाटला तर लगेच कळवा, हे करू नका, ते देऊ नका. काटेसाहेबांच्या कानांत नुसतं गरम वाफेसारखं काहीतरी शिरत होतं. एकवीस वर्षांत ज्यांनी सूचनेचं एक अक्षर वगळलं नव्हतं, ते त्या दिवशी निम्म्या सूचना ऐकूच शकले नाहीत. दार बंद असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती.

चिठ्ठी घेऊन ते मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदारानं त्यांना पाहिलं मात्र, त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "या साहेब," म्हणत तो काउंटरबाहेर आला आणि दाराशी ठेवलेल्या माणसांच्या वजनकाट्यापाशी हात जोडून उभा राहिला. आता पाच गिऱ्हाइकांसमोर "मी केसांच्या गोळीसाठी आलोय" असं म्हणणं काटेसाहेबांच्या जिवावर आलं. त्यांनी निमूटपणे काटा तपासला. काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवत होता. मग काय करणार? सील ठोकलं, पंचनामा केला. ज्याच्यावर आत्ताच कारवाई केली, त्याच्याकडून औषध घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना. चिठ्ठी खिशातच राहिली.

दुसरं मेडिकल घराजवळचं होतं. काउंटरला जाड चष्म्याच्या एक बाई होत्या. त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली. "यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक उमटलेला नाही. शिक्का फिका आहे. देता येणार नाही."

"अहो, पण औषधाचं नाव स्वच्छ आहे."

"नाव स्वच्छ असून चालत नाही. चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, चिठ्ठी पुरी हवी."

दुसरा कुणी असता तर भडकला असता. काटेसाहेबांचा ऊर भरून आला. एकवीस वर्षं आपण एकटेच असे आहोत, या समजुतीत त्यांनी काढली होती. ते दवाखान्यात परत गेले. शिक्का डॉक्टरीणबाईंच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली रजेवर गेलेल्या मदतनीस बाईकडे होती. किल्ली चार दिवसांनी आली, तेव्हा शाईचं पॅड वाळलं होतं. पॅड आलं, तोवर चिठ्ठीवरची तारीख जुनी झाली म्हणून नवी चिठ्ठी लिहावी लागली. नवव्या दिवशी ते ठसठशीत शिक्क्याची चिठ्ठी घेऊन चष्मेवाल्या बाईंसमोर उभे राहिले.

बाईंनी समाधानानं मान हलवली आणि मग स्वच्छ, खणखणीत आवाजात विचारलं, "केसांसाठी की प्रोस्टेटसाठी? हेच औषध त्यालाही देतात, जास्त ताकदीचं. चुकून भलतं जायला नको."

काटेसाहेबांच्या मागे कुणीतरी खाकरलं. हेडमास्तर रांगेत होते. साहेबांनी तोंड न उघडता चिठ्ठीवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. बाईंना कळलं. त्यांनी मोठ्या डब्यातली एक पट्टी काढून दिली. माहितीचा कागद डब्यातच राहिला. हेडमास्तरांना मात्र एकच शब्द ऐकू गेला होता, आणि तो केस नव्हता.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये बातमी झाली. लोक फार चांगले वागले, हीच पंचाईत. सोसायटीच्या सभेत काटेसाहेबांना बाथरूमजवळची खुर्ची राखून ठेवण्यात आली. जिन्यात हेडमास्तर त्यांना वाट करून देत आणि म्हणत, "जा, जा, थांबू नका, रोखून धरणं वाईट." दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एका वैद्याचा पत्ता आणून दिला. बायको रोज रात्रीच्या जेवणाला हसू दाबून बसायची.

"सांगून टाका ना एकदाचं," ती म्हणाली.

"मी खोटं बोललेलो नाही."

"नाही. नुसतं दुरुस्त केलं नाहीत."

हे काटेसाहेबांना लागलं. कमी मापाचा काटा दिसूनही गप्प बसणाऱ्या दुकानदाराला ते स्वतः दंड करत. पण केसांचा विषय आला की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. खात्याचे मोठे साहेब पन्नाशी उलटूनही काळ्याभोर, दाट केसांचे होते. ते केस म्हणजे खात्याचं वैभव मानलं जाई. त्यांच्या हाताखालच्या निरीक्षकानं गोळ्या खाऊन केस आणावेत, ही गोष्ट काटेसाहेबांना उसनं वजन वापरण्यासारखी वाटायची.

गोळीबद्दलही त्यांचं मत सुरुवातीला बरं नव्हतं. त्यांनी ती सूक्ष्म काट्यावर तोलली. एकशे बावन्न मिलिग्रॅम भरली. पट्टीवर औषध लिहिलं होतं एक मिलिग्रॅम. म्हणजे दीडशे भागांत एक भाग माल आणि बाकी सगळी भर. एखाद्या तेलवाल्यानं असं केलं असतं, तर त्याचं दुकानच उठलं असतं. आणि एक मिलिग्रॅम म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांच्या पेटीत ते वजन होतं. नखाच्या टोकाएवढा पत्रा. चिमट्यानं उचलायचा, जवळ श्वाससुद्धा जपून घ्यायचा. शिंक आली तर वजन गेलंच. एवढ्यानं काय होणार?

पण झालं. तिसऱ्या महिन्यात पाकिटातला माल दीडशे मिलिग्रॅमवर आला. पाचव्यात नव्वद. सहाव्या महिन्यात बायकोनं मोजपट्टी लावली आणि खात्रीसाठी परत लावली. "उभं पाच, आडवं साडेचार," ती म्हणाली, "आणि कडेनं बारीक बारीक आलेत. मऊ आहेत." तिनं पुन्हा एकदा हात फिरवला, मोजायचं काही नसताना. काटेसाहेब खाली मान घालून बसून राहिले. एवढ्याशा गोष्टीनं एवढं काम करावं, मुकाट्यानं, रोज, कुणाला न सांगता, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं. आपल्या खात्यात अशी माणसं किती आहेत, हाही विचार मनाला शिवून गेला.

इकडे कार्यालयात दुसरंच शिजत होतं. आठ महिन्यांपूर्वी, गोळी सुरू व्हायच्या आधीच, मोठ्या साहेबांनी जाहीर केलं होतं की काटेसाहेबांचं पन्नासावं रक्तदान कार्यालयातच, समारंभपूर्वक व्हायला हवं. तोवर त्यांनी बाहेर कुठे रक्त देऊ नये. मग शिबिराची फाइल निघाली. खाट ही फर्निचर म्हणून नोंदवायची की वैद्यकीय साहित्य म्हणून, यावर ती दोन महिने अडली. त्यातून सुटली, तर कुणीतरी शेरा मारला की कार्यालयीन वेळेत कर्मचारी आडवा झाल्यास ती रजा धरावी काय. त्यावर वरून खुलासा येईपर्यंत आणखी तीन महिने गेले. शेवटी मंजुरी आली, हॉलमध्ये खाटा लागल्या, मागे मोठ्ठा "५०" आकडा लावला गेला. सन्मानचिन्ह तयार होतं. फोटोग्राफर होता. बायको इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. हेडमास्तर शेजारधर्म म्हणून आले होते आणि त्यांनी बाथरूम कुठे आहे, याची चौकशी आधीच करून ठेवली होती.

नोंदणीच्या टेबलाशी रक्तपेढीच्या वयस्कर नर्सबाई बसल्या होत्या. काटेसाहेबांना त्या वीस वर्षं ओळखत. टेबलावर भाषणासाठीचा माइक होता आणि तो चालू आहे, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"ताप, खोकला, दात काढलाय?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही."

"काही औषधं? यादी नवी आलीय, वाचून दाखवते." त्या वाचत गेल्या. काटेसाहेब नाही, नाही म्हणत गेले. "केस गळतीची गोळी?"

काटेसाहेब थांबले.

"ही का विचारता?" त्यांनी हळूच विचारलं. माइकनं ते सगळ्या हॉलला ऐकवलं.

"हे रक्त एखाद्या गरोदर बाईला चढलं आणि पोटात मुलगा असला, तर त्याच्या वाढीत बिघाड होऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर महिनाभर द्यायचं नाही."

"एक मिलिग्रॅमनं?"

"हो. एक मिलिग्रॅमनं."

नर्सबाईंचं पेन "नाही"च्या चौकोनावर टेकलेलं होतं. त्यांनी ते जवळजवळ लिहिलंच होतं, कारण समोर काटेसाहेब होते. नाही म्हणायचं आणि आडवं व्हायचं, एवढंच काम होतं. मागे आकडा होता, समोर मोठे साहेब होते, बायको होती. आणि कुठेतरी एक बाई होती, जिला आपल्या बाटलीवर काय लिहिलंय हे कधीच कळणार नव्हतं. ती काटा तपासायला येणार नव्हती. तिच्या वतीनं तपासणारा निरीक्षक एकच होता.

"घेतो," काटेसाहेब म्हणाले. "सात महिने. रोज एक. टक्कल पडत होतं म्हणून. प्रोस्टेटचं काही नाही, हेडमास्तर. तेव्हाच सांगायला हवं होतं, राहून गेलं."

हेडमास्तरांनी आ वासला. नर्सबाईंनी फॉर्मवर आडवी रेघ मारली.

मग एक अजब प्रकार घडला. रांगेत काटेसाहेबांच्या मागे उभे असलेले लेखा विभागप्रमुख घड्याळ बघत दाराकडे सरकू लागले. "कुठे निघालात?" नर्सबाईंनी विचारलं. ते थबकले, काटेसाहेबांकडे बघितलं आणि परत आले. "माझंही तेच," ते म्हणाले. "दोन वर्षं." त्यांच्या मागून टंकलेखक पुढे झाला आणि नुसतीच मान हलवली. आणि मग कोपऱ्यातल्या खाटेवरून, जिथे उद्घाटन म्हणून पहिला मान घेऊन मोठे साहेब बाही सरसावून, फॉर्म न भरताच आडवे झाले होते, तिथून एक घसा खाकरण्याचा आवाज आला. मोठे साहेब उठून बसले. त्यांनी बाही खाली घेतली आणि बटण लावलं.

"अकरा वर्षं," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर हॉलमधल्या लोकांना त्या चौघांकडे बघून काहीतरी वेगळंच वाटत होतं. नर्सबाईंनी चष्मा काढून पुसला. "इतकी शिबिरं केली," त्या म्हणाल्या, "हे कबूल करणारं कुणी भेटलं नव्हतं. आज चार भेटले. पण खाटा रिकाम्या राहिल्या हो."

तेव्हा काटेसाहेबांची बायको उठली. ही बाई दिवसभर सुया हाताळायची, पण दंडाजवळ सुई आली की तिला घेरी यायची. धनुर्वाताच्या इंजेक्शनला तिला दोघांनी धरावं लागलं होतं. ती चालत आली आणि "५०" खालच्या खाटेवर जाऊन आडवी झाली.

"अगं, तुला जमणार नाही," काटेसाहेब म्हणाले.

"तुम्हाला आत्ता जमलं ना?" ती म्हणाली. "हात धरा फक्त."

त्यांनी हात धरला. तिनं डोळे मिटले आणि हूं की चूं केलं नाही. काटेसाहेबांनी एकोणपन्नास वेळा रक्त दिलं होतं, पण दर वेळी छताकडे बघत. दुसऱ्याचं रक्त नळीतून सरकताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते त्यांनी आता पाहिलं, आणि तेही बायकोचं. पुढचं त्यांना आठवत नाही. दोघांनी उचलून त्यांना शेजारच्या खाटेवर टाकलं आणि फोटोग्राफरनं, ज्याला फक्त आकडा चौकटीत यायला हवा एवढंच सांगितलेलं होतं, नेमका तोच क्षण टिपला.

खात्याच्या मासिकात तो फोटो छापून आला: "पन्नासावे रक्तदान करताना काटेसाहेब." काटेसाहेबांनी त्याच दिवशी लेखी हरकत घेतली. पुढच्या अंकात खुलासा आला की, छायाचित्रातील गृहस्थ रक्तदान करीत नसून बेशुद्ध आहेत. रक्तदान शेजारील खाटेवरील त्यांच्या पत्नी करीत आहेत. पन्नास लिहिलेलं सन्मानचिन्ह काटेसाहेबांनी एक कमी भरतो म्हणून परत केलं. हेडमास्तर आठवडाभर बोलले नाहीत आणि मग एके दिवशी जिन्यात, इकडेतिकडे बघून, त्यांनी डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारला. जावयासाठी, म्हणाले.

काटेसाहेब डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि या वेळी दार स्वतः लावून घेतलं. महिनाभर गोळी थांबवली तर सगळं जाईल का, असं त्यांनी विचारलं. लगेच जाणार नाही, बाई म्हणाल्या, वर्षातून एकदा थांबवून रक्त द्या आणि परत सुरू करा. काटेसाहेबांनी तारीख लिहून ठेवली आणि गोळी बंद केली.

मग एका साध्या मंगळवारी दुपारी ते बायकोला घेऊन रक्तपेढीत गेले. आकडा नव्हता, फोटोग्राफर नव्हता. बायकोला रक्त देऊन अजून चार महिने पुरे झालेले नव्हते. ती फक्त हात धरायला आली होती. नर्सबाईंनी फॉर्म पुढे ओढला.

"शेवटची गोळी कधी?"

"पस्तीस दिवसांपूर्वी."

"तीस पुरे होते की."

"माहीत आहे," बाही वर करत काटेसाहेब म्हणाले. "मापात थोडं वर गेलेलं चालतं. कमी भरलेलं चालत नाही."